‘रेदी’ : प्राचीन इजिप्शियन भाषेतील ‘देणे’, त्याचे अर्थ आणि त्याची रूपे

प्रश्न असा आहे. मध्य इजिप्शियन भाषा शिकू लागलेल्या एका वाचकाला शिलालेखांत आणि पपायरसांवरील मजकुरांत ‘रेदी’, ‘दी’, ‘देद’, ‘रेदीत’ आणि ‘इमी’ अशी पाच रूपे भेटली. शब्दसूचीत या सगळ्यांपुढे ‘देणे’ एवढाच अर्थ होता, पण छापील भाषांतरांत त्याच रूपांसाठी कुठे ‘ठेवले’, कुठे ‘नेमले’, तर कुठे ‘करू दिले’ असे शब्द आढळले. हा एकच धातू आहे काय, त्यातला ‘र’ मधूनच का गळतो, आणि कोणत्या जागी कोणता अर्थ घ्यायचा हे कसे ठरवावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या चार रूपांचा धातू एकच आहे. पाचवे रूप ‘इमी’ मुळात निराळ्या शब्दाचे असले तरी आज्ञार्थात ते याच धातूची जागा भरून काढते, त्यामुळे व्यवहारात तेही याच कुटुंबात धरावे लागते. अर्थाविषयी माझे ठाम मत असे आहे की या धातूपुढे एकच मराठी प्रतिशब्द लिहून ठेवणे हे नवशिक्याचे सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण ‘रेदी’चा अर्थ त्याच्या पुढे काय येते यावरून ठरतो. रूपांविषयी तितक्याच ठामपणे सांगेन की या धातूचा अनियमितपणा ही अडचण नसून मोठी सोय आहे, आणि त्याचे कारण लिपीत आहे.

वाचनाचा संकेत आधी स्पष्ट करतो. इजिप्शियन चित्रलिपीत स्वर लिहिले जात नाहीत, फक्त व्यंजने आणि काही अर्धस्वर लिहिले जातात. या धातूचे लिखित अंग र, द आणि एक दुर्बल अंत्य वर्ण एवढेच आहे. आपण मध्ये ‘ए’ घालून ‘रेदी’ म्हणतो तो केवळ अभ्यासकांचा सोयीचा उच्चार असून तो फेअरोंच्या काळातील उच्चार नव्हे. पुढे मी प्रत्यय आडव्या रेघेने वेगळे केले आहेत : ‘एफ’ म्हणजे ‘तो’, ‘ई’ म्हणजे ‘मी’, ‘के’ म्हणजे ‘तू’, आणि ‘एन’ हा प्रत्यय क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवतो. ‘ला’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय आणि एक नकारार्थी अव्यय हेही संकेताने ‘एन’ असेच वाचले जातात. संदर्भावरून हे तिन्ही सहज वेगळे ओळखता येतात, तरी सुरुवातीला तिकडे लक्ष असू द्यावे.

या धातूसाठी दोन चिन्हे वापरली जातात. एक शंकूच्या आकाराच्या भाकरीचे, गार्डिनरच्या सूचीत (चित्रलिपीतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत) एक्स ८. आणि दुसरे तीच भाकरी हातात धरलेल्या बाहूचे, डी ३७. यांच्या आधी ‘र’चे, म्हणजे तोंडाचे, चिन्ह असेल तर ‘रेदी’ वाचायचे. नसेल तर ‘दी’. आणि भाकरी किंवा भाकरीचा हात दोनदा काढलेला असेल तर ‘देद’. दगडावरच्या कोरीव कामात पुष्कळदा भाकरी गाळून नुसता बाहू काढलेला असतो आणि तो ‘अयिन’ या वर्णाच्या चिन्हासारखाच दिसतो, म्हणून संशयाच्या जागी वाक्याची रचना पाहूनच निर्णय घ्यावा. ‘देद’ आणि ‘जेद’ (म्हणजे ‘बोलणे’) यांतही घोटाळा होतो, पण तो लिप्यंतराच्या वहीत होतो. मूळ चिन्हे पाहिली तर ‘जेद’मध्ये नाग आणि हात असतात, भाकरी कधीच नसते.

आता रूपांकडे येऊ. मध्य इजिप्शियनमधल्या सामान्य त्रिवर्णी धातूची, उदाहरणार्थ ‘सेजेम’ (ऐकणे) या धातूची, बरीच कर्तरी रूपे लिहिताना सारखीच दिसतात. ‘सेजेम-एफ’ असे लिहिलेले असले की त्याचा अर्थ ‘तो ऐकतो’, ‘त्याने ऐकावे’ किंवा नकारार्थी अव्ययानंतर ‘त्याने ऐकले’ असा काहीही असू शकतो. बोलताना या रूपांत स्वरांचा फरक असणार, परंतु लिपीने तो पुसून टाकला आहे. ‘रेदी’च्या बाबतीत मात्र हे भेद व्यंजनांतूनच उमटतात. क्रिया घडून गेली असेल तर साधारणपणे ‘र’ टिकतो, इच्छा किंवा भविष्य असेल तर बहुधा ‘र’ गळून ‘दी’ राहतो, आणि क्रिया नेहमीची किंवा पुन्हापुन्हा घडणारी असेल तर ‘द’चे द्वित्व होऊन ‘देद’ होते. म्हणून एखाद्या रचनेत ‘सेजेम-एफ’ हे नेमके कोणते रूप आहे असा प्रश्न पडला, की त्याच रचनेत ‘रेदी’ कोणत्या वेषात येतो ते शोधायचे. व्याकरणकारांनी गेल्या शतकभरात इजिप्शियन क्रियापदाचे जे वर्गीकरण उभे केले, त्याचा मोठा आधार अशा दुर्बल आणि अनियमित धातूंचा आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण नकारात सापडते. ‘एन सेजेम-एफ’ म्हणजे ‘त्याने ऐकले नाही’ आणि ‘नेन सेजेम-एफ’ म्हणजे ‘तो ऐकणार नाही’. या दोहोंत क्रियापद लिहिलेले अगदी सारखे आहे. तेथे आपला धातू ठेवला की भेद डोळ्यांना दिसतो : ‘एन रेदी-एफ’ म्हणजे ‘त्याने दिले नाही’, आणि ‘नेन दी-एफ’ म्हणजे ‘तो देणार नाही’. अर्थात दोन नकारांनंतर दोन वेगळी रूपे येतात, आणि ‘सेजेम’मध्येही ती वेगळीच असली पाहिजेत. तिसरा नकार ‘एन रेदी-एन-एफ’ असा असतो. त्यात पूर्णतेचा प्रत्यय दिसतो म्हणून नवशिके त्याचा अर्थ ‘दिले नाही’ असा करतात, पण तो ‘देत नाही’ किंवा ‘देऊ शकत नाही’ असा करायचा असतो. हा नियम इजिप्तविद्येचे अभ्यासक बॅटिस्कोम गन यांनी 1924 साली मांडला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

नकार नसलेल्या वाक्यांत ‘रेदी-एन-एफ’ म्हणजे ‘त्याने दिले’. याच अर्थाने ‘दी-एन-एफ’ हेही लिहिले जाते आणि दोघांत अर्थाचा फरक नाही. कर्नाक आणि लक्झरच्या मंदिरांच्या भिंतींवर देव राजासमोर उभा राहून ‘दी-एन-ई एन-के’ असे बोलतो, आणि पुढे जीवन, सामर्थ्य, आरोग्य अशी देणग्यांची नावे येतात. येथे पूर्ण क्रियेचे रूप असूनही ‘मी तुला दिले होते’ असे भाषांतर करणे बरोबर नाही. हे उच्चार म्हणजेच दान आहे, त्यामुळे ‘हे मी तुला देत आहे’ हाच आशय घ्यावा. आपल्याकडेही ‘दिले!’ असा शब्द तोंडातून निघताच व्यवहार पुरा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा वापर परका वाटणार नाही.

‘देद-एफ’ या द्वित्वाच्या रूपाला दोन कामे आहेत. एक म्हणजे नेहमीची क्रिया दाखवणे. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे, आणि ते भाषाभ्यासक एच. जे. पोलोत्स्की यांच्या 1944 सालच्या अभ्यासाने पुढे आले : वाक्याच्या आरंभी असे रूप आले की क्रिया ही जुनी, गृहीत गोष्ट बनते आणि वाक्याचा जोर पुढच्या काळ, स्थळ किंवा कारण सांगणाऱ्या शब्दांवर जातो. मराठीत आपण ‘तो देतो ते उपाशी माणसालाच’ अशी वळणे घेतो, त्याच्या जवळचे हे आहे. वाक्याच्या आरंभी भाकरीचे चिन्ह दोनदा दिसले की वाक्याचा शेवट काळजीपूर्वक वाचावा, कारण लेखकाला सांगायचे असते ते बहुधा तेथेच असते.

उरलेली रूपे थोडक्यात सांगतो. ‘देणे’ हे क्रियावाचक नाम ‘रेदीत’ असे आहे, क्वचित ‘दीत’. त्यातला ‘त’ दुर्बल धातूंच्या क्रियावाचक नामात सहसा येतो. कर्मणी प्रयोगासाठी ‘तू’ हा प्रत्यय लागून ‘रेदी-तू’ किंवा ‘दी-तू’ होते, आणि घडून गेलेल्या क्रियेसाठी प्रत्ययाशिवायचे कर्मणी रूपही वापरतात. स्थितिदर्शक रूप पहिल्या पुरुषी ‘रेदी-कूई’ असे होते, त्याचा अर्थ ‘मी ठेवला गेलो’. कृदंतांत ‘रेदी’ किंवा ‘दी’ म्हणजे ‘ज्याने दिले तो’ आणि ‘देद’ म्हणजे ‘जो देत असतो तो’. राजाच्या नावापुढे ‘दी अंख’ ही दोनच चिन्हे येतात, तेथे ‘दी’ हे कर्मणी अर्थाचे समजून ‘ज्याला जीवन दिलेले आहे असा’ हा अर्थ रूढ आहे. निषेधार्थी आज्ञेत ‘एम रेदी’ म्हणजे ‘देऊ नकोस’, ‘ठेवू नकोस’ किंवा ‘होऊ देऊ नकोस’. होकारार्थी आज्ञेत मात्र ‘रेदी’ सहसा येत नाही. तेथे ‘इमी’ येते.

हे सगळे एका जागी पाहायचे असेल तर मध्य राज्याच्या काळातला कोणताही साधा स्मृतिशिलापट समोर घ्यावा. जगभरच्या संग्रहालयांत ते शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्या पहिल्या ओळी जवळजवळ ठरलेल्या असतात. आरंभी ‘हेतेप-दी-नेसू’ येते : ‘राजा देतो ते नैवेद्यदान’. लिहिताना ‘नेसू’, म्हणजे राजा, आदरार्थ सर्वांत पुढे काढतात, वाचताना मात्र तो शेवटी वाचायचा असतो. येथला ‘दी’ हे संबंधी रूप आहे, म्हणजे तो ‘हेतेप’ या नामाचे वर्णन करतो. त्यानंतर मृतांचा देव ओसिरिस याचे नाव आणि त्याच्या पदव्या येतात, आणि मग ‘दी-एफ पेरेत-खेरू’, म्हणजे ‘(जेणेकरून) त्याने वाणीने आवाहन केलेले अन्नदान द्यावे’. हा दुसरा ‘दी’ इच्छार्थी आहे. पुढे भाकरी, बिअर, बैल, पक्षी, अलबास्टर आणि वस्त्र यांची यादी लागते, आणि पुष्कळ शिलापटांवर तिच्या शेवटी ‘देदेत पेत, केमात ता, इनेनेत हापी’ हे शब्द असतात : ‘आकाश जे देत असते, पृथ्वी जे निर्माण करत असते, नाईलचा पूर जे आणत असतो’. यातले ‘देदेत’ हे द्वित्वाचे संबंधी रूप आहे, कारण आकाशाचे देणे एकदाच घडणारे नसून कायमचे आहे. ‘इनी’ (आणणे) या धातूतही त्याच कारणाने ‘न’चे द्वित्व झालेले आहे. एकाच शिलापटावर एकाच धातूची तीन रूपे तीन वेगळ्या कारणांसाठी उभी आहेत. जो विद्यार्थी हे सूत्र नुसते पाठ न करता त्यातल्या प्रत्येक ‘दी’ला ‘तू येथे का?’ असे विचारतो, त्याचे अर्धे व्याकरण तेथेच होते, असे मला मनापासून वाटते.

याच सूत्राच्या लेखनाचा कालनिर्णयालाही उपयोग होतो. जुन्या शिलापटांवर ‘हेतेप’चे चिन्ह आधी आणि भाकरीचे चिन्ह नंतर असते, मध्य राज्यानंतरच्या दुसऱ्या संक्रमणकाळापासून भाकरी आधी आणि ‘हेतेप’ नंतर अशी उलटापालट होते. पॉल स्मिदर यांनी 1939 साली हे दाखवून दिले. या एका निकषावर शिलापटाची तारीख ठरवू नये, परंतु इतर पुराव्यांच्या जोडीला तो चांगला पडताळा ठरतो.

आता अर्थांविषयी. येथे मी सिनुहेची कथा घेतो, कारण बाराव्या राजवंशाच्या काळातल्या या एकाच मजकुरात ‘रेदी’ जवळजवळ आपल्या सगळ्या अर्थांनी येतो. पहिला अमेनेमहेत या राजाच्या मृत्यूची बातमी कानी पडताच सिनुहे नावाचा दरबारी घाबरून पळतो. प्रथम तो स्वतःला दोन झुडपांच्या मध्ये ‘देतो’, म्हणजे लपवून ठेवतो. मग तो ‘उत्तरेकडे आपल्या पायांना वाट देतो’. या दोन्ही ठिकाणी मजकुरात ‘रेदीत’ हे क्रियावाचक नाम कथनासाठी वापरलेले आहे, जसे आपण प्रवासाच्या टिपणांत ‘पहाटे निघणे, दुपारी नदी ओलांडणे’ असे लिहितो. वाळवंटात तहानेने घसा कोरडा पडून ‘ही मृत्यूची चव आहे’ असे तो म्हणतो, तेव्हा पूर्वी इजिप्तमध्ये राहून गेलेला एक टोळीप्रमुख त्याला ओळखतो आणि ‘रेदी-एन-एफ एन-ई मू’, ‘त्याने मला पाणी दिले’. येथे शब्दकोशातला सरळ अर्थ आहे. लगेच पुढे ‘देशाने मला देशाला दिले’ असे वाक्य येते : एक मुलूख त्याला दुसऱ्या मुलखाच्या स्वाधीन करत गेला. इतक्या थोड्या शब्दांत निर्वासिताची भटकंती सांगणारे दुसरे वाक्य मला इजिप्शियन साहित्यात माहीत नाही.

पुढे रेचेनू प्रदेशाचा राजा अमुनेन्शी त्याला आश्रय देतो. तो सिनुहेला आपल्या मुलांच्या अग्रभागी ‘देतो’, म्हणजे त्यांच्याहून वरचे स्थान देतो. आपली थोरली मुलगी त्याला देऊन लग्न लावतो (येथे मात्र क्रियापद निराळे आहे). आणि मग ‘रेदी-एन-एफ सेतेप-ई एन-ई एम खासेत-एफ’, ‘त्याने मला आपल्या देशातून माझ्यासाठी निवड करू दिली’. त्यानंतर तो त्याला एका टोळीचा अधिपती म्हणून ‘देतो’, म्हणजे नेमतो. कथेच्या शेवटी सिनुहे मायदेशी परत येतो तेव्हा तो ‘रेदी-कूई’, राजपुत्राच्या घरात ठेवला जातो, आणि त्याच्या अंगावरची घाण वाळवंटाला, कपडे वाळूतल्या भटक्यांना ‘दिले जातात’.

या वाक्यांची रचना पाहिली की अर्थ ठरवण्याची रीत आपोआप हाती येते. धातूच्या पुढे वस्तू आणि ‘एन’ (ला) लागलेली व्यक्ती असेल तर देणे. वस्तू किंवा व्यक्ती आणि तिच्यापुढे स्थळ दाखवणारे अव्यय असेल तर ठेवणे, घालणे, लावणे. व्यक्ती आणि तिच्यापुढे ‘एम’ (येथे ‘म्हणून’) लागलेले पद किंवा अधिकार असेल तर नेमणे. आणि धातूच्या पुढे थेट दुसरे क्रियापद आपल्या कर्त्यासह आले, तर करवणे किंवा करू देणे. समुद्रात नौका फुटलेल्या खलाशाच्या कथेत महाकाय नाग त्या खलाशाला आपल्या तोंडात ‘देतो’ आणि आपल्या निवासस्थानी नेतो. तेथे ‘दिले’ असे भाषांतर करून वाक्य विचित्र करण्याचे कारण नाही, तोंडात धरले म्हणजे झाले. खलाशी स्वतःला पोटावर ‘देतो’ तेव्हा तो लोटांगण घालतो.

यातली शेवटची, क्रियापदाला जोडलेली रचना सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यात दुसरे क्रियापद कोणत्या रूपात येते हे ‘सेजेम’वरून कळत नाही. पण ‘येणे’ आणि ‘आणणे’ या दोन धातूंना इच्छार्थात एक खास ‘त’ लागतो, ‘इवेत-एफ’ आणि ‘इनेत-एफ’, आणि ‘रेदी’नंतर हीच रूपे सापडतात. म्हणजे ‘रेदी’नंतर येणारे क्रियापद इच्छार्थी असते हे सिद्ध होते. तर्काशीही ते जुळते, कारण जे करवायचे आहे ते अजून घडलेले नसते. करवणे आणि करू देणे यांत मात्र इजिप्शियन भाषा भेद करत नाही. मराठीत ‘त्याला येऊ दिले’ आणि ‘त्याला यायला लावले’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, त्यामुळे मराठी भाषांतरकाराला प्रत्येक वेळी बाजू घ्यावीच लागते. अमुनेन्शीने सिनुहेला निवड करू दिली, कारण तेथे औदार्य आहे. पण तोच नाग खलाशाला दम भरतो की तुला येथे कोणी आणले हे सांगायला उशीर केलास तर ‘रेदी-ई रेख-के तू’, ‘तू राख झाला आहेस हे मी तुला कळायला लावीन’. तेथे ‘कळू देईन’ म्हटले तर धमकीचा जीवच जातो.

हेच वाक्य आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. येथे अर्थ भविष्याचा असूनही ‘र’ टिकलेला आहे. म्हणून वर सांगितलेला ‘भविष्य तेथे दी’ हा नियम प्रवृत्ती म्हणून वापरावा, कायदा म्हणून नव्हे. ‘र’ दिसला म्हणजे भूतकाळ असे यांत्रिकपणे म्हणता येणार नाही. उलट दिशेने पाहता, द्वित्वाचे ‘देद’ दिसले की ते पूर्ण झालेल्या एकाच क्रियेचे रूप नाही असे मात्र विश्वासाने म्हणता येते.

इजिप्शियनमध्ये प्रयोजक करण्याचा आणखी जुना मार्ग होता, तो म्हणजे धातूच्या आधी ‘स’ लावणे : ‘अंख’ म्हणजे जगणे, ‘सअंख’ म्हणजे जगवणे, पोसणे. हा ‘स’ हळूहळू नवे शब्द घडवेनासा झाला आणि त्याचे काम ‘रेदी’कडे आले. पुढच्या काळात ‘रेदी’चा ‘र’ लेखनातूनही हळूहळू गेला. नव-इजिप्शियन आणि डेमोटिक या भाषेच्या नंतरच्या टप्प्यांत ‘दी’ आणि ‘दीत’ एवढेच उरले. ग्रीक वर्णमालेवर आधारलेल्या कॉप्टिकमध्ये, म्हणजे या भाषेच्या शेवटच्या टप्प्यात, प्रथमच स्वर पद्धतशीरपणे लिहिले गेले आणि आपल्याला या धातूचा उत्तरकालीन उच्चार कळला : ‘ती’, सर्वनामासह ‘ता-’, स्थितिदर्शक ‘तो’. ‘अंख’पासून कॉप्टिकमध्ये ‘तान्हो’ (जगवणे) झाले. त्यातला आरंभीचा ‘त’ म्हणजे आपला ‘दीत’च आहे, आणि जुन्या ‘सअंख’चा वंशज ‘साअन्श’ त्याच्याच शेजारी ‘पोसणे’ या अर्थाने टिकून राहिला.

कॉप्टिक चर्चमध्ये आजही म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थना या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. बोहैरिक बोलीत तिचा आरंभीचा भाग ‘मारेफ्तूबो एन्जे पेक्रान’ असा आहे, ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’. यातला ‘मा’ हा ‘इमी’चा अवशेष आहे, मूळ रचना ‘इमी इरी-एफ’, म्हणजे ‘त्याला करू दे’, अशी होती. ‘तूबो’ म्हणजे शुद्ध करणे, आणि ते ‘दीत’ अधिक ‘वाब’ (शुद्ध असणे) असे बनलेले आहे. म्हणजे एकाच क्रियापदात आपला धातू एकदा आज्ञार्थाच्या आणि एकदा प्रयोजकाच्या वेषात आला आहे. थोडे पुढे भाकरीची मागणी करताना ‘मेइफ नान’, ‘ती आम्हांला दे’, असे शब्द येतात, आणि तेथेही पुन्हा ‘इमी’च आहे. शिलापटावर भाकरीचे चिन्ह काढून ‘देणे’ लिहिणाऱ्यांच्या वंशजांनी तीच क्रिया भाकरी मागताना जपली, हे पाहून मला फार समाधान वाटते.

व्यक्तिनामांतही हा धातू भेटेल. उत्तरकाळात ‘पा-दी-’ने सुरू होणारी नावे अतिशय लोकप्रिय होती : ‘जो अमुक देवाने दिला तो’. ‘पा-दी-उसिर’ म्हणजे ओसिरिसने दिलेला. ग्रीकांनी त्याचे ‘पेटोसिरिस’ केले, आणि तूना एल-गबल येथे त्या नावाच्या पुजाऱ्याची प्रसिद्ध समाधी आहे. बायबलमधला पोटीफर म्हणजे ‘पा-दी-पा-रे’, सूर्यदेवाने दिलेला. आपल्याकडच्या देवदत्त, सोमदत्त या नावांची घडण अशीच आहे. या नावांतला ‘दी’ संबंधी रूप आहे, ‘हेतेप-दी-नेसू’मधल्या ‘दी’सारखाच, हे पाहून ठेवले की अनोळखी नावे फोडताना अडखळायला होत नाही.

वाक्प्रचारांपैकी काही सतत भेटतात. ‘बाजूवर देणे’ म्हणजे पक्षपात करणे. वजिराच्या नेमणुकीच्या मजकुरात आणि वाक्पटू शेतकऱ्याच्या कथेत न्यायाच्या संदर्भात तो येतो. ‘चेहऱ्यात देणे’ म्हणजे एखाद्यावर कामगिरी सोपवणे. ‘पाठ देणे’ म्हणजे मागे वळणे. ‘जमिनीकडे देणे’ म्हणजे खाली ठेवणे. यांतले कोणतेही शब्दशः मराठीत आणू नये. उलट ‘भुकेल्याला भाकरी, उघड्याला वस्त्र’ हे वाक्य समाधिलेखांत हजारो वर्षे येत राहिले. सहाव्या राजवंशातला अस्वानचा अधिकारी हरखुफ आपल्या समाधीवर ‘रेदी-एन-ई’ असे म्हणून त्याची ग्वाही देतो, आणि मृतांच्या ग्रंथाच्या 125 व्या अध्यायातही ते आहे. तेथे मात्र साधे ‘दिले’ हेच योग्य.

शेवटी शब्दकोश पाहण्याविषयी. मध्य इजिप्शियन कोशांत मुख्य नोंद ‘र’खाली असते, त्यामुळे ‘दी’ किंवा ‘देद’ दिसले तरी ‘र’कडेच जावे, ‘इमी’ची नोंद वेगळी असते. डेमोटिक आणि कॉप्टिक कोशांत ‘र’ नसतोच, तेथे ‘त’ किंवा ‘द’खाली शोधावे. कॉप्टिक कोशात ‘त’ने सुरू होऊन ‘ओ’ने संपणारे आणि ‘करवणे’ असा अर्थ असलेले क्रियापद भेटले, तर मधला भाग सुटा करून त्याचा जुना धातू मध्य इजिप्शियन कोशात पाहावा. बहुतेक वेळा तो सापडतो.